मार्विन सिल्व्हेरा प्रभाग बदलतो

तू कोण असं कुणी विचारलं, तर मार्विन सिल्व्हेरा आधी 'शाळा मंडळाचा सभासद' म्हणायचा, मग 'पंपवाला', आणि समोरचा तोवर थांबलाच तर 'लोरेनचा नवरा'. पंपांचं दुकान त्याने केव्हाच विकून टाकलं होतं. लोरेनचं तर सगळं त्याच्यावाचून उत्तम चाललं होतं. म्हणजे उरली होती ती खुर्ची. अल्मेंद्रा गावच्या शाळा मंडळाची, पाठीला चामडं असलेली, बसल्यावर जराशी डावीकडे कलणारी. ती गेली तर आपल्यात सांगण्यासारखं काय उरतं, हा प्रश्न त्याला अधूनमधून पडायचा. उत्तर ठाऊक असल्यामुळे तो निवडणुकीला पुन्हा उभा राहायचा.

निवडून येणं आमच्याकडे अवघड नव्हतंच मुळी. मंडळात पाच जण, आणि पाचही जणांना सगळ्या गावाने मिळून निवडायचं. आता सगळ्या गावाला कोण ओळखतो? मार्विनच्या दुकानाने आजूबाजूच्या बदामाच्या बागांना इतके पंप विकले होते, की निम्म्या विहिरींवर 'सिल्व्हेरा' अशी पाटी होती. मतपत्रिकेवर तेच नाव दिसलं की आमचा हात आपोआप तिकडे जायचा. आम्ही शाळेसाठी माणूस निवडत होतो की पंप, हे आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर आम्हीही गडबडलो असतो.

पाचांपैकी पाचही सभासद गोल्फच्या मैदानाजवळ राहायचे. कालव्याच्या पूर्वेला गावाची निम्मी पोरं राहायची, पण तिकडून कधीच कुणी निवडून आलं नव्हतं. हा निव्वळ योगायोग आहे असं मार्विन मानायचा, आणि खोटं कशाला बोला, आम्हीही मानायचो.

मंडळात मार्विनकडे एक खातं होतं. सभेत नागरिकांनी बोलायचं असेल तर माइकपाशी यायचं, नाव आणि पत्ता सांगायचा आणि तीन मिनिटांत आटपायचं. हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा. त्या दिव्यांचं बटण मार्विनच्या हाताशी. मंडळाने शिक्षणाचं काय भलं केलं हे त्याला चटकन सांगता आलं नसतं, पण सभा जेवणाच्या वेळेआधी संपते ती आपल्यामुळे, हे तो छाती फुगवून सांगायचा. गोल्फचा एखादा दोस्त बोलता बोलता लाल दिव्यात सापडला, तर त्यावरही मार्विनकडे उपाय होता. तो हात वर करायचा आणि म्हणायचा, "अध्यक्षमहाशय, वक्त्यांना माझा एक प्रश्न आहे." सभासदाच्या प्रश्नाचं उत्तर तीन मिनिटांत धरत नाहीत. दोस्त मग निवांत बोलत बसायचा.

हे सगळं छान चाललेलं असताना एका वकिलाची नोटीस आली. सगळ्या गावाने मिळून निवडण्याची ही पद्धत पूर्वेकडच्या लोकांची मतं बुडवते, प्रभाग पाडा, नाहीतर कोर्टात भेटू. मार्विनने त्या दिवशी मोठं भाषण ठोकलं. "आपण एक गाव आहोत! आज प्रभाग पाडाल, उद्या गल्लीगल्लीतून सभासद निवडाल, परवा प्रत्येक घराचा एक!" टाळ्या पडल्या. मग मंडळाच्या वकिलाने खटला हरल्यावर किती खर्च येतो ते कानात सांगितलं, आणि मार्विनने प्रभागांच्या बाजूने हात वर केला.

नकाशा आला तेव्हा मार्विनने आधी स्वतःचं घर शोधलं. ते प्रभाग दोनमध्ये होतं. त्याच प्रभागात, दोन कुंपणं सोडून, रॉयस हाल्डमनही होता. रॉयस मंडळाचा अध्यक्ष, मार्विनचा जिवलग आणि गावाचा दातांचा डॉक्टर. मार्विनच्या एका दाढेचं काम तेव्हा अर्ध्यावर होतं. ज्याच्या हातात आपला जबडा आहे त्याच्याविरुद्ध उभं राहायची छाती मार्विनला झाली नाही.

प्रभाग चार मात्र मोकळा होता. कालव्यापलीकडचा. आणि मार्विनचा जन्म तिथलाच की! त्याच्या बापाची पोर्तुगीज बेकरी तिथे होती. मार्विनला ही कल्पना इतकी आवडली, की त्याने दुपारच्या आत घोषणाही तयार केली : 'मार्विन घरी परतला.'

"लोरेन, मी लोकांमध्ये राहायला जातोय," त्याने जाहीर केलं.

लोरेन कुत्र्याचे केस विंचरत होती. "मग इतकी वर्षं मी कोण होते?"

"अगं, उमेदवार प्रभागातच राहायला हवा. कायदा आहे. खरंच राहावं लागतं, नुसता पत्ता देऊन चालत नाही."

"तुला त्या आरामखुर्चीतून उठवायला मी काय काय नाही केलं, मार्विन. नकाशा दाखवायचा असतो हे सुचलंच नाही मला," ती म्हणाली. "कुत्रा ठेवून जा."

"कुत्र्याला कुठे नेतोय मी?"

"हो, त्याला कुठे मत आहे."

जूनमध्ये मार्विन दोन बॅगा घेऊन ओफेलिया बारागानच्या परसातल्या मागच्या खोलीत राहायला आला. ओफेलिया टोमॅटोच्या कारखान्यात पट्ट्यावर काम करायची. नवरा नव्हता, दोन मुलं शाळेत, आणि म्हातारी आई, जिला सगळे मानाने दोन्या एउस्तोलिया म्हणायचे, दिवसभर परसात खुर्ची टाकून बसलेली. ओफेलियाने दार उघडलं आणि त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"तुम्ही ते लाल दिवेवाले ना?"

मार्विनला आनंद झाला. "ओळखलंत मला!"

"न ओळखून काय करते? मी आले होते ना सभेत. मुलांच्या बसचं सांगायला. नाव सांगितलं, पत्ता सांगितला, दुभाष्याने तो इंग्रजीत परत सांगितला, आणि तुमचा दिवा लागला."

मार्विनला यातलं एवढंच ऐकू आलं, की पूर्वेकडे आपल्याला लोक ओळखतात. त्याने भाडं ठरवलं, बॅगा आत नेल्या आणि बापाची बेकरी बघायला निघाला. तिथे टायरचं दुकान होतं. दुकानदाराला बेकरी माहीत नव्हती, त्याआधी तिथे जे होतं तेही माहीत नव्हतं.

"पाव चांगला होता का रे?" संध्याकाळी दोन्या एउस्तोलियाने विचारलं.

"अहाहा! गोडसर, मऊ. गावभरची माणसं यायची."

"मग बंद का केलात?"

"पैसे साठले. आम्ही पश्चिमेला राहायला गेलो."

"हां," म्हातारी म्हणाली, आणि तिने शेंगा सोलायला घेतल्या.

हा माणूस खरोखर इथे झोपतो की नाही, याची गल्लीला फार उत्सुकता होती. सकाळी कामावर जाताना माणसं मुद्दाम वाकडी वाट करून त्याची गाडी आहे का बघून जायची. कुणी विचारलं की म्हातारी साक्ष द्यायची, "राहतो हो, राहतो. घोरतो ते अख्ख्या परसात ऐकू येतं." निवडणूक कचेरीसमोर यापेक्षा पक्का पुरावा मार्विनलाही देता आला नसता. न्हाणीघर मुख्य घरात, तेही एकच. तिथे मार्विनचा नंबर मुलांच्या नंतर आणि म्हातारीच्या आधी. टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभं राहताना, दिवे लावणाऱ्या माणसाला कुणीतरी लाल दिवा दाखवतंय असं त्याला वाटायचं. मग तो स्वतःशीच हसायचा, कारण रागवायला तिथे कुणी ऐकणारं नव्हतं.

प्रचाराची त्याला सवय होती. निळ्या पाट्या त्याने नेहमीप्रमाणे छापून घेतल्या, नेहमीप्रमाणे गोल्फच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ठोकल्या. दोस्तांनी येता-जाता हॉर्न वाजवून अभिनंदन केलं. त्यातल्या एकालाही प्रभाग चारमध्ये मत नव्हतं, हे मार्विनला दुसऱ्या आठवड्यात लोरेनने फोन करून सांगितलं.

"अरे, आपल्या कुंपणाला तुझी पाटी कशाला? मला तर रॉयसला मत द्यायचंय."

"रॉयसला?"

"मग कुणाला देऊ? तू तर पलीकडच्या बाईचा उमेदवार आहेस."

तो त्याच दिवशी पाट्या उपटायला गेला आणि उपटताना रॉयसने त्याचा फोटो काढला. तो फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिला. मार्विननेही पाहिला आणि कबूल केलं, की एवढं मन लावून काम करताना आपण याआधी कुठल्याच फोटोत दिसलो नव्हतो.

भाडेकरूला रात्रीचं जेवण द्यायचं असं काही ठरलं नव्हतं, पण म्हातारीला तो एकटा डब्यातलं सूप पिताना बघवेना, म्हणून तो त्यांच्या टेबलावर आला. एका संध्याकाळी वाटाण्याएवढ्या मिरच्या घातलेला घेवडा खाताना घाम पुसत त्याने भाषण म्हणून दाखवलं. "या प्रभागाच्या गरजा मी जाणतो. मी इथलाच आहे."

"काय गरजा?" ओफेलियाने विचारलं.

"म्हणजे... स्टेडियमचे दिवे. ते फार जुने झालेत."

मोठ्या मुलीने खाली मान घालून तोंडावर हात धरला. ओफेलियाने तिच्याकडे पाहिलं, मग मार्विनकडे. दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातून अर्धी रजा घेतली. संध्याकाळी मार्विन जेवायला आला तेव्हा ती पोळ्या भाजत होती.

"डॉन मार्विन," तिने आदराने हाक मारली, "मी अर्ज भरून आले."

"कसला?"

"मंडळाचा. प्रभाग चार. बसा, गार होतंय."

मार्विनने हातातला घास परत ताटात ठेवला. कालव्यापलीकडे एवढी घरं, आणि आपण भाड्याने खोली घेतली ती नेमकी इथे! स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं त्याने पाहिली होती, पण त्या धोंड्याचं भाडंही भरणारा तो पहिलाच. दुसरीकडे राहायला जावं असं त्याला वाटलं. पण मग बॅगा उचला, नवा पत्ता द्या, नवीन म्हातारीला घोरणं ऐकवा. आणि घेवडा तर चांगलाच झाला होता. तो राहिला.

खरं नुकसान त्याने पुढे करून घेतलं. ओफेलिया संध्याकाळी परसात कपडे वाळत घालताना भाषणाचा सराव करायची. मागच्या खोलीच्या खिडकीतून मार्विनला सगळं ऐकू यायचं, आणि ऐकवायचं नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा धीर सुटला. तो घड्याळ हातात घेऊन बाहेर आला.

"सेन्योरा, आभारातच दोन मिनिटं गेली तुमची! देवाचे आभार, आईचे आभार, कारखान्यातल्या मुकादमाचे आभार. लोक काय आभार ऐकायला येतात?"

"मग काय करू?"

"पहिल्याच वाक्यात बसचं बोला. आभार शेवटी, वेळ उरला तर. पुन्हा म्हणा. मी वेळ लावतो."

"तुम्ही माझ्याविरुद्ध उभे आहात ना?"

"ते वेगळं. हे चुकीचं चाललेलं मला बघवत नाही."

आयुष्यभर ज्याने लोकांना मध्येच तोडलं, त्याला कुठे तोडायचं हे अचूक कळत होतं. भाषण घोटून घोटून त्याने असं नेमकं बसवलं, की हिरवा दिवा लागला की सुरू आणि पिवळ्यात संपलं. फुशारकीच्या भरात त्याने तिला मंडळातल्या सगळ्या खुब्याही सांगितल्या, त्या 'एका प्रश्ना'सकट. म्हातारी परसातून हे बघायची. एकदा ती लेकीला म्हणाली, "याच्या डोक्यावर परिणाम झालाय का गं?" मार्विनने स्वतःलाही तेच विचारून पाहिलं होतं. त्याला फक्त एवढंच सांगता आलं, की खुर्चीवर असताना कुणी त्याला काही विचारायला आलं नव्हतं, आणि इथे ओफेलिया विचारत होती, आणि त्याला ते फार आवडत होतं.

सप्टेंबरच्या शेवटी शाळेच्या जेवणघरात उमेदवारांची सभा ठरली. ओफेलिया कारखान्यातून परस्पर जाणार होती. मार्विनने ठरवलं, आज गाडी नको. उमेदवार आपल्या प्रभागातून पायी आला, काय बहार येईल! आणि अंतर ते काय? परसाच्या कुंपणापाशी उभं राहिलं की कालव्यापलीकडे शाळेचं छप्पर दिसायचं. शाळा मैलाच्या आत असेल तर बस नाही, हा नियम मंडळाचाच. अंतर मोजायचं ते नकाशावर पट्टी ठेवून, सरळ. त्या नियमाला मार्विनने दरवर्षी हात वर केला होता.

तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून निघाला आणि कालव्यापाशी येऊन थांबला. समोर पाणी, पाण्याला तारेचं कुंपण, कुंपणावर 'प्रवेश बंद'. पूल कुठेय? पूल होता, पण पार खाली, हमरस्त्यावर. नकाशावरच्या पट्टीला पोहता येतं हे त्याला आत्ता कळलं. तो काठाने चालू लागला. वाटेवर सराट्यांचं रान माजलेलं. काटे मोज्यांतून आत गेले, तेव्हा तो एका पायावर उड्या मारत एकेक काटा काढू लागला. तेवढ्यात कुणाचा तरी कुत्रा कुंपणाखालून बाहेर आला, आणि उरलेले काटे मार्विनने पळता पळता सोसले. हमरस्त्याला पदपथ नव्हता. टोमॅटोचे ट्रक कडेला घासून जात होते. पुलाच्या वळणावर एक ट्रक जरा जोरातच वळला, आणि वरून टोमॅटो घरंगळत आले. दोन चुकले, दोन नेमके बसले.

रोज सकाळी ओफेलियाची मुलं याच वाटेने जातात, हे त्याच्या डोक्यात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. मग घड्याळात पाहून त्याला आणखीनच लाज वाटली.

तो जेवणघराच्या दारात पोचला तेव्हा पहिला मान ओफेलियाला मिळालेला होता आणि तिचं भाषण संपत आलं होतं. "...नकाशावर पट्टी ठेवली तर आमचं घर शाळेजवळ आहे," ती म्हणत होती. "तुम्ही पट्टी ठेवू नका. तुम्ही चालत या." त्याच वेळी दार करकरलं आणि सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. दारात मार्विन सिल्व्हेरा. सदऱ्यावर टोमॅटो, मोज्यांना सराटे, एका हातात बूट. मग दोन्या एउस्तोलिया मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, हा तर खरंच चालत आला!" आणि छप्पर हाललं. हसू आवरेना ते मार्विनला. तो दारातच वाकून हसत राहिला, आणि मधेच घड्याळाकडे बघून त्याने ओफेलियाला अंगठा दाखवला. पिवळ्यात संपवलं होतं तिने.

त्यानंतर त्याला स्टेडियमच्या दिव्यांबद्दल बोलावंसं वाटलं नाही. तो काय बोलला ते कुणाच्या लक्षात नाही.

मतपत्रिका टपालाने घरी आल्या. त्या घरात दोन आल्या, एक ओफेलियाची आणि एक मार्विनची; म्हातारीला मत नव्हतं. दोघांनी एकाच टेबलावर बसून, हाताचा आडोसा करून त्या भरल्या. मार्विनचा आडोसा जरा जास्तच होता. "एवढं काय लपवता, डॉन मार्विन?" ओफेलिया म्हणाली. "तुमचं मत कुणाला ते काय मला कळत नाही?" मार्विनने पाकीट थुंकी लावून चिकटवलं.

तो हरला, आणि थोडक्यात नाही. पश्चिमेला रॉयस निवडून आला, दाढेचं कामही पुरं झालं. महिनाअखेर मार्विनने बॅगा भरल्या. म्हातारीने त्याला घेवड्याचा डबा दिला आणि घोरण्यावाचून परसात झोप येणार नाही असं सांगितलं. घरी लोरेनने दार उघडलं, कुत्र्याने त्याला हुंगलं आणि तो जरा भुंकला. आता तू कोण असं विचारलं तर काय सांगायचं, याचा विचार मार्विन आरामखुर्चीत बसून दोन आठवडे करत होता. लोकांनी विचारलंही नाही. ते त्याला फार लागलं.

डिसेंबरच्या सभेत ओफेलिया त्या डावीकडे कलणाऱ्या खुर्चीवर बसली. सगळ्यात नवीन सभासदाकडे दिव्यांचं बटण द्यायचं असं रॉयसने ठरवलं होतं, त्यामुळे तेही तिच्याच हाताशी. विषय होता बसचा. मागच्या रांगेतून मार्विन उठला आणि माइकपाशी आला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या बाजूला उभा होता, आणि माइक त्याला फार उंच वाटला.

"नाव आणि पत्ता," रॉयस हसू दाबत म्हणाला.

"मार्विन सिल्व्हेरा. मागची खोली, सेन्योरा बारागान यांचं घर, प्रभाग चार."

"मार्विन!" मागून लोरेनचा आवाज आला.

"म्हणजे होतो," तो म्हणाला. "आता परत घरी आहे. सवय लागली." हिरवा दिवा लागला. मार्विनने सगळ्यांचे आभार मानायला सुरुवात केली. मंडळाचे मानले, रॉयसचे मानले, दोन्या एउस्तोलियाचे मानले, लोरेनचे तर दोनदा मानले. मग बेकरीवर आला. पाव कसा गोडसर असायचा ते सांगितलं. पिवळा दिवा लागलेला त्याने पाहिला, तो चपापला, "तर मुद्दा असा की, बस..." म्हणाला, आणि लाल लागला.

"वेळ संपली, डॉन मार्विन," ओफेलिया म्हणाली.

मार्विन तोंड उघडं टाकून तसाच उभा राहिला. तीन मिनिटं! इतक्यात माणूस काय सांगणार? किती माणसांना आपण असंच उभं ठेवलं असेल, हे मनात येऊन त्याचे कान तापले. तो वळून परत निघाला.

"अध्यक्षमहाशय," ओफेलियाने हात वर केला, "वक्त्यांना माझा एक प्रश्न आहे."

मार्विन जागच्या जागी थांबला. सभासदाचा प्रश्न. हा वेळेत धरत नाहीत.

"आमच्या घरापासून शाळेपर्यंत तुम्ही चालत गेला होतात. किती वेळ लागला?"

मार्विन परत माइकपाशी आला. घड्याळ त्याने पाहिलं होतं, आकडा सांगता आला असता. पण त्याने तो सांगितला नाही.

"सेन्योरा, घरून निघालो तेव्हा मी उमेदवार होतो," तो म्हणाला. "शाळेत पोचलो तेव्हा तुमचा मतदार झालो होतो."

ओफेलियाचा हात बटणावर होता तो तिने काढून घेतला. मागे लोरेनने पर्समधून रुमाल काढला. मार्विन तिच्या शेजारी जाऊन बसला, आणि रॉयसने बसच्या बाजूने कोण असं विचारल्यावर जुन्या सवयीने त्याचाही हात वर गेला. लोरेनने तो हळूच खाली ओढला, पण सोडला नाही.